विष कधी चढतं?

जुलैमधला रविवार. अर्नाळ्यात पावसाने दोन दिवस उसंत घेतली नव्हती. मासेमारीबंदी चालू, होड्या किनाऱ्यावर ओढून ताडपत्रीखाली झाकलेल्या, समोरचा किल्ला पावसात पार दिसेनासा झालेला. अशा दिवसांत आमच्या ओटीवर दोनच गोष्टी चालतात. एका कोपऱ्यात फाटक्या जाळ्याची दुरुस्ती आणि दुसऱ्या कोपऱ्यात पत्ते. त्या दिवशी पत्ते होते पोकेमॉनचे. दुबईला असलेल्या नातेवाइकांनी मुलांसाठी दोन डबे आणले होते, सोबत इंग्रजी नियमांची बारीक अक्षरांची घडीपुस्तिका. माझा पुतण्या आठवीत आणि पुतणी सहावीत. सकाळपासून दोघं चटईवर पालथी पडून खेळत होती.

खेळ समजायला सोपा आहे. सुरुवातीला दोघांनीही सहा पानं बक्षीस म्हणून बाजूला पालथी ठेवायची. समोरच्याचा एक प्राणी गारद केला की आपल्या सहांतलं एक पान उचलायचं. ज्याची सहाही आधी उचलून होतील तो जिंकला. दोघांचं एकेकच पान उरलेलं. थोरल्याच्या प्राण्याची ताकद जेमतेम १० उरलेली, शिवाय त्याला विषबाधा झालेली. विषाने दरवेळी १० कमी होतात. पाळी त्याची होती. त्याने हल्ला केला, धाकटीचा प्राणी गारद झाला आणि त्याने शेवटच्या पानाकडे हात नेला. तिने त्या पानावर तळवा आपटला.

"थांब! तुझापण मेला. विष आहे ना त्याला!"

"माझा टर्न आहे!"

"म्हणून काय? तुझे दहाच उरले होते. दोघांचेही मेले. मॅच ड्रॉ!"

पाच मिनिटांत आवाज स्वयंपाकघरापर्यंत गेला. मुलांची आजी हात पुसत बाहेर आली. पोकेमॉन म्हणजे काय हे तिला आजही ठाऊक नाही, पण मेंढीकोटात तिचा हात धरणारं आमच्या आळीत कोणी नाही. तिने दोघांचं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "आधी मला सांगा, विष कधी चढतं?"

मला अनेकजण विचारतात, पानावर सगळं छापलेलं असतं, मग भांडण कसलं? आजीच्या प्रश्नात त्याचं अर्धं उत्तर आहे. पानावर काय होतं ते छापलेलं असतं. ते कधी होतं, हे आपल्याला वाचून काढावं लागतं. उरलेलं अर्धं उत्तर शब्दांचं आहे, म्हणून आधी शब्द बघू.

१. एका क्रियापदाचे दोन अर्थ

जमवायच्या आणि अदलाबदल करायच्या पत्त्यांचा हा प्रकार ज्या खेळाने रुजवला, तो 'मॅजिक: द गॅदरिंग' १९९३ साली अमेरिकेत बाजारात आला. तो रचला रिचर्ड गारफिल्ड या गणितज्ञाने. आपल्या नेहमीच्या ५२ पानांत पानावर फक्त रंग आणि आकडा असतो, नियम डोक्यात असतात. गारफिल्डने नियम पानावरच छापले, आणि प्रत्येक पानावर वेगळे. म्हणजे खेळणाऱ्याच्या हातात एका अर्थी कायद्याचीच सुटी कलमं आली.

खेळ बाजारात यायच्या आधी मित्रांमध्ये त्याच्या चाचण्या चालत. तेव्हाच्या एका पानाची गोष्ट या खेळाच्या जगात फार प्रसिद्ध आहे. त्या पानाचा हेतू साधा होता, प्रतिस्पर्ध्याची पुढची पाळी वगळायची. पण पानावर क्रियापद होतं 'लूझ'. इंग्रजीत एखादी गोष्ट गमावणं आणि सामना हरणं, दोन्हींना हेच क्रियापद चालतं. एका खेळाडूने त्याचा अर्थ घेतला की पुढच्या पाळीला प्रतिस्पर्धी सरळ हरतोच. पान हातात आलं म्हणजे डाव जिंकला! छापताना त्या पानावरचं वाक्य उलटं फिरवलं. प्रतिस्पर्ध्याचं काय जातं हे लिहिण्याऐवजी तुम्हाला एक जादा पाळी मिळते असं लिहिलं. परिणाम जवळपास तोच, पण दुसरा अर्थ निघायला जागा राहिली नाही.

मला ही गोष्ट आवडते, कारण त्या खेळाडूने लबाडी केली नव्हती. त्याने वाक्य वाचलं आणि व्याकरणात बसणारा एक अर्थ घेतला. पत्त्यांच्या बहुतेक भांडणांत दोन्ही बाजू प्रामाणिक असतात, हे आधी मान्य केलं तर आवाज निम्मा खाली येतो.

शब्दाइतकाच गोंधळ न लिहिलेल्या गोष्टींमुळे होतो. नव्वदच्या दशकात शाळेत असलेल्यांना कुस्तीगीरांची ट्रम्प कार्डं आठवत असतील. उंची, वजन, छाती, दंड, रँक असे आकडे छापलेले. एकाने एक रकाना पुकारायचा, ज्याचा आकडा सरस त्याने समोरच्याचं पान घ्यायचं. उंचीत मोठा आकडा सरस. पण रँकमध्ये? तिथे १ हा ३० पेक्षा सरस. क्रिकेटच्या कार्डांत फलंदाजीची सरासरी जास्त हवी, गोलंदाजीची कमी. 'सरस' म्हणजे मोठा की लहान, हे रकान्यागणिक बदलायचं आणि ते ज्याला खेळातलं कळतं त्यालाच कळायचं. नवीन मुलगा हमखास फसायचा.

२. येतं आणि लागतं

बदाम सात घ्या. सत्तीच्या वर-खाली पानं लावत जायची, ज्याचा हात आधी रिकामा तो जिंकला. आता माझ्याकडे बदामाची अठ्ठी आहे आणि ती लावता येते. पण मी ती दाबून ठेवली तर पुढे नश्शी, दश्शी धरून बसलेले सगळे अडकतात. मी पास म्हणू शकतो का? काही घरांत हेच डावाचं खरं कौशल्य मानतात. काही घरांत असं पान दाबलेलं सापडलं तर दंड. नियम मात्र दोन्हीकडे एकाच वाक्यात सांगतात, "पान असेल तर लावायचं." या 'लावायचं'मध्ये परवानगीही आहे आणि सक्तीही. मराठीतलं हे '-यचं' रूप फार सोयीचं आहे, आणि तेवढंच घोटाळ्याचं.

छापील पत्त्यांचे खेळ म्हणूनच एका छोट्या शब्दाला जपतात. इंग्रजी पानावर 'मे' असेल तर मर्जी, नसेल तर सक्ती. सक्ती म्हणजे आपल्या तोट्याची असली तरी सक्ती. मुलांना मी एकच सवय लावायला सांगतो. पान वाचताना प्रत्येक क्रियापदापाशी थांबून विचारायचं, हे मला करता येतं की करावं लागतं? 'एकपर्यंत', 'जास्तीत जास्त दोन', 'प्रत्येकी', 'एका पाळीत एकदा' हे शब्द त्यानंतर पाहायचे. हे चार-पाच शब्द नीट वाचले तरी बरेच वाद उगवत नाहीत.

३. पान मोठं की पुस्तक?

पुस्तिका म्हणते, एका पाळीत अमुक एकदाच करता येतं. पान म्हणतं, हे दोनदा करा. कोणाचं ऐकायचं? इथे जवळपास सगळ्या खेळांचं उत्तर एक आहे, पानाचं. पुस्तक सर्वसाधारण नियम सांगतं, पान त्याला अपवाद करतं. अपवादाला हरवणारा सर्वसाधारण नियम असता, तर अपवाद छापण्यात अर्थच उरला नसता.

हा विचार आपल्याकडे फार जुना आहे. पाणिनीच्या व्याकरणात जवळपास चार हजार सूत्रं आहेत, आणि एकाच शब्दावर दोन सूत्रं एकाच वेळी हक्क सांगतात असं सतत घडतं. तेव्हा कोणतं लागू करायचं? पाणिनीने स्वतः एक तोडगा दिला, टक्कर झाली तर क्रमाने पुढचं सूत्र धरावं. तेवढ्याने भागेना, म्हणून पुढच्या वैयाकरणांनी नियमांचे अर्थ लावण्याचे नियम रचले. त्यांना परिभाषा म्हणतात. अठराव्या शतकात काशीत राहणाऱ्या नागेशभट्ट या महाराष्ट्रीय पंडिताने 'परिभाषेंदुशेखर' या ग्रंथात त्या एकत्र करून तपासल्या. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकवणाऱ्या कीलहॉर्न या जर्मन पंडिताने १८६८ ते १८७४ या काळात त्याचं संपादन आणि इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केलं. त्यातली बळाची उतरंड अशी आहे: पुढच्या सूत्रापेक्षा नित्य सूत्र बलवान, त्यापेक्षा अंतरंग बलवान, आणि सगळ्यांत बलवान अपवाद. या संज्ञा इथे उलगडत बसायला नकोत. एवढंच लक्षात घेऊ की सगळ्यांच्या वर अपवाद आहे. पत्त्यांच्या खेळातही नेमकं तेच.

मात्र दोन पानांचीच टक्कर झाली तर? एक म्हणतं येईल, दुसरं म्हणतं येणार नाही. इथे 'मॅजिक'चा नियम स्पष्ट आहे, मनाई परवानगीवर मात करते. आमच्या समोरच्या किल्ल्यावर राहणाऱ्यांना हे वेगळं समजवायला नको. किल्ल्यावर जायला होडी हाच मार्ग. तुमचं भाडं देऊन झालेलं असो की रोजची ये-जा असो, समुद्र खवळला आणि नाखव्याने नाही म्हटलं की नाही. भाडं दिलं म्हणजे जायची परवानगी मिळाली, पण ती मनाईला उलटवत नाही.

४. टेम्पोतले क्रेट

आता वेळेकडे येऊ. 'मॅजिक'सारख्या खेळांत आपण पान टाकलं की ते लगेच लागू होत नाही. समोरच्याला उत्तर द्यायची संधी असते, त्याच्या उत्तराला आपण उत्तर देऊ शकतो, आणि असं चालत राहतं. मग आधी काय लागू करायचं?

बंदरावर टेम्पो भरताना पाहिलंय ना? बर्फ घातलेले मासळीचे क्रेट आतून बाहेर रचत आणतात. बाजारात टेम्पो पोचला की सगळ्यांत शेवटी चढवलेला क्रेट सगळ्यांत आधी उतरतो. 'मॅजिक'मध्ये पानांचं असंच असतं, शेवटी टाकलेलं आधी लागू. या रचनेला ते 'स्टॅक' म्हणतात, म्हणजे चळत. सुरुवातीच्या नियमांत ही शिस्त नव्हती. काही पानांना 'इंटरप्ट' म्हणजे मध्येच तोंड घालणारी असा वेगळा दर्जा होता आणि कोण कधी मध्ये बोलू शकतो यावरून फार गुंता व्हायचा. १९९९ साली सहाव्या आवृत्तीत तो दर्जा काढून सगळ्यांसाठी एकच चळत आणली. माझ्या मते या खेळाच्या नियमांतली ती सर्वांत मोठी सुधारणा.

एक उदाहरण आकड्यांनिशी करून पाहू. माझ्यापुढे एक अस्वल आहे, ताकद २ आणि सोसण्याची शक्ती २. तुमच्या हातात विजेचं पान, 'लाइटनिंग बोल्ट'. ते ३ इजा करतं. माझ्या हातात 'जायंट ग्रोथ'. ते पाळी संपेपर्यंत कोणत्याही प्राण्याला दोन्हीकडे ३ वाढवतं. तिन्ही पानं १९९३ च्या पहिल्याच संचातली.

पहिला प्रकार. तुम्ही वीज टाकता. ती अजून पडलेली नाही, चळतीत आहे. मी तिच्यावर वाढीचं पान टाकतो. शेवटचं आधी, म्हणून अस्वल ५-५ होतं. मग वीज पडते, ३ इजा. पाच सोसणारं अस्वल वाचतं.

दुसरा प्रकार. हल्ला जोरदार व्हावा म्हणून मी घाईने आधीच वाढीचं पान टाकतो. तुम्ही त्याच्यावर वीज टाकता. शेवटचं आधी, म्हणून वीज आधी पडते, आणि त्या वेळी अस्वल अजून २-२ च आहे. ते मरतं. माझं वाढीचं पान लागू व्हायला येतं तेव्हा ज्याच्यासाठी टाकलं तो प्राणीच जागेवर नाही. पान फुकट.

तीच तीन पानं, तेच दोन खेळाडू, तेच आकडे. फक्त क्रम बदलला. हे उदाहरण मी मुलांना चटईवर खरीखुरी पानं मांडून दाखवतो, कारण नुसतं ऐकून डोक्यात बसत नाही. वीज म्हणून चमचा आणि अस्वल म्हणून वाटी ठेवली तरी चालतं. चमच्यावर दुसरा चमचा ठेवायचा आणि वरचा आधी उचलायचा.

५. 'आल्यावर' म्हणजे नक्की केव्हा?

मराठीत "पाहुणे आल्यावर पोळ्या लाट" म्हटलं तर कोणी दारातच पोळपाट मांडत नाही. पाहुणे येतात, पाणी पितात, बसतात, मग पोळ्या. "आल्याबरोबर" म्हटलं असतं तर घाई झाली असती. "आले तर" म्हटलं असतं तर येणं हीच शंका. आल्यावर, आल्याबरोबर, आले तर, आले की, आले असता. आपण हे पाचही बोलण्यात सहज अदलाबदल करतो. खेळात ती चैन परवडत नाही.

'यु-गि-ओ' या जपानी खेळात यावरून एक वाद वर्षानुवर्षं गाजतो. हा खेळ कोनामी कंपनीचा, काझुकी ताकाहाशी यांच्या चित्रकथेतून निघालेला. त्यातल्या एका विदूषकाच्या पानाचा आशय असा: हे पान स्मशानात, म्हणजे बाद पानांच्या ढिगात, जातं तेव्हा, हवं तर ते खेळाबाहेर काढून तुम्ही त्याच नावाचं दुसरं पान हातातून किंवा गठ्ठ्यातून मैदानात आणू शकता. नवखा खेळाडू काय करतो? मोठा राक्षस बोलावण्यासाठी तो विदूषकाचा बळी देतो. विदूषक स्मशानात जातो, राक्षस मैदानात येतो, आणि खेळाडू हसतमुखाने म्हणतो, आता माझा दुसरा विदूषक. समोरचा म्हणतो, नाही, वेळ टळली.

कारण असं. 'जातं तेव्हा' म्हणजे ते जाणं हीच सगळ्यांत शेवटी घडलेली गोष्ट असेल तेव्हा. इथे विदूषक गेला आणि त्यानंतर राक्षस आला. शेवटची घटना राक्षसाचं येणं आहे. विदूषकाचा 'तेव्हा' मध्येच निसटून गेला. त्याच पानावर 'तेव्हा'ऐवजी 'तर' असतं, तर मधली घटना आड आली नसती. हे फक्त मर्जीच्या गोष्टींना लागू. सक्तीचं असेल तर 'तेव्हा' असलं तरी ते व्हायलाच हवं. म्हणजे दुसऱ्या भागातला येतं-लागतं हा फरक इथे वेळेच्या प्रश्नात पुन्हा भेटतो.

कोडं वाटेल, पण माझा या नियमावर राग नाही. अर्थ कडक आहे, तरी एकदा कळला की सगळ्या पानांना सारखाच लागतो. राग येतो तो एका पानावर एक आणि दुसऱ्यावर दुसरा अर्थ लावणाऱ्यांचा.

२०११ पासून कोनामीने आपल्या इंग्रजी पानांवर विरामचिन्हांनाही नेमून दिलेलं काम दिलं. अपूर्णविरामाच्या आधी लिहिलेलं म्हणजे कधी आणि कोणत्या अटीवर. अर्धविरामाच्या आधी लिहिलेलं म्हणजे पान वापरतानाच मोजायची किंमत. अर्धविरामानंतरचं म्हणजे पुढे होणारा परिणाम. समजा पानावर आहे, "हातातलं एक पान टाकून द्या; समोरच्याचं एक पान नष्ट करा." समोरच्याने परिणाम रोखला, तर तुम्ही टाकलेलं पान परत मिळत नाही. एसटीचं तिकीट फाडल्यावर पुढे झाड पडून रस्ता बंद झाला, म्हणून वाहक फाडलेलं तिकीट चिकटवून देत नाही, तसं. पण तिथे अर्धविरामाऐवजी "टाकून द्या आणि नष्ट करा" असतं, तर दोन्ही मिळून परिणाम झाला असता, आणि तो रोखल्यावर तुमचं पान हातातच राहिलं असतं. एका टिंबाची आणि स्वल्पविरामाएवढ्या शेपटीची ही किंमत. शाळेत विरामचिन्हांना दोन गुणांचा प्रश्न मानणाऱ्या मुलांना मी हे पान आवर्जून दाखवतो.

६. लागोपाठ दोन एकादश्या

मोजायला सुरुवात कुठून करायची, हे ठरल्याशिवाय वेळेचा एकही वाद मिटत नाही. याचं सर्वांत स्वच्छ उदाहरण आपल्या भिंतीवर टांगलेलं असतं. कॅलेंडरात कधीकधी लागोपाठ दोन दिवस एकादशी छापलेली दिसते, एक स्मार्त आणि एक भागवत. आकाशात एकादशी एकच. मग उपास दोन कसे?

हिशोब करू. समजा सूर्योदय ६ वाजून १० मिनिटांनी आहे आणि दशमी पहाटे साडेपाचला संपते. सर्वसाधारण रीत अशी, सूर्योदयाला जी तिथी असेल ती त्या दिवसाची. ६:१० ला एकादशी लागलेली आहे, म्हणून स्मार्त आज उपास करतात. भागवत मात्र सूर्योदयाकडे नाही, अरुणोदयाकडे पाहतात. अरुणोदय म्हणजे सूर्योदयाआधी चार घटका, ९६ मिनिटं. इथे तो ४:३४ ला. त्या वेळी दशमी चालू होती. दशमीने एकादशीला स्पर्श केला, म्हणून हा दिवस सोडायचा आणि उपास उद्या. दोघांचं पंचांग तेच आहे, दोघांचं गणित बरोबर आहे. घड्याळ कोणत्या क्षणाला पाहायचं, एवढाच फरक आहे.

अशा निर्णयांसाठी आपल्याकडे ग्रंथ लिहिले गेले. कमलाकरभट्टांचा 'निर्णयसिंधु' १६१२ चा, पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यायांचा 'धर्मसिंधु' १७९० च्या सुमाराचा. जयंतराव साळगांवकरांनी १९७३ साली कॅलेंडर काढलं, त्याचं नावही 'कालनिर्णय'च. तिथी दोन दिवसांत वाटली गेली तर काय, संध्याकाळी हवी असलेली तिथी फक्त सकाळी असली तर काय, असे शेकडो प्रश्न या ग्रंथांनी शांतपणे घेतले आहेत. श्रद्धा असो वा नसो, नियमाची वेळ कशी ठरवावी याचा तो मोठा अभ्यास आहे, आणि तो मराठी घरांनी पिढ्यानपिढ्या वापरला आहे.

पत्त्यांतही अशी घड्याळं होती. सावंतवाडीत आजही लाखेच्या कामाची गोल गंजिफा रंगवतात. दशावतारी गंजिफात दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकी १२ पानं, एकूण १२०. दिवसा खेळत असाल तर रामाचा राजा ज्याच्याकडे तो सुरुवात करतो. रात्री कृष्णाचा राजा असलेला सुरुवात करतो. शिवाय निम्म्या रंगांत राजा-प्रधानानंतर दश्शी मोठी आणि निम्म्यांत एक्का मोठा. म्हणजे ट्रम्प कार्डांतली ती रँकची भानगड इथे शतकांआधी होती, फक्त इथे ती ठरवून, चवीसाठी घातलेली. दिवेलागणीला बसणाऱ्यांनी दिवस धरायचा की रात्र? माझं मत, पानं वाटली त्या क्षणाचं आकाश पाहावं. एकदा सुरू झालेला डाव मध्येच सूर्य मावळला म्हणून बदलू नये.

आणि अर्नाळ्याला तर वेळेचा धडा दरवर्षी मिळतो. यांत्रिक होड्यांना १ जून ते ३१ जुलै मासेमारीला बंदी. जूनचे ३० आणि जुलैचे ३१ मिळून ६१ दिवस. हा आकडा दोन्ही टोकं धरली तरच येतो. म्हणूनच केंद्राच्या आदेशात कंसात 'दोन्ही दिवस धरून' असं मुद्दाम लिहिलेलं असतं. लिहिलं नसतं तर? १८९७ च्या जनरल क्लॉजेस अ‍ॅक्टप्रमाणे 'पासून' म्हटलेला पहिला दिवस सोडला जातो आणि 'पर्यंत' म्हटलेला शेवटचा दिवस धरला जातो. तीन शब्दांच्या कंसाने एक आख्खा दिवस वाचवला. सरकारी तारखेपलीकडे नारळी पौर्णिमा आहेच. कित्येक घरं दर्याला नारळ वाहिल्याशिवाय होडी लोटत नाहीत. ती तिथी, तारीख नव्हे, म्हणून दरवर्षी वेगळ्या दिवशी येते.

७. पुन्हा ओटीवर

आजीने विचारलं, विष कधी चढतं? दोघांनी ओलसर झालेली घडीपुस्तिका उघडली. धाकटीचं इंग्रजी चांगलं, तिनेच वाचायला घेतलं. हल्ल्याने प्राणी गारद झाला की तो लगेच बाजूला काढायचा आणि बक्षिसाचं पान तेव्हाच उचलायचं. त्यानंतर पाळी संपते. पाळी संपल्यावर, पुढची सुरू होण्याआधी, तपासणीचा एक टप्पा येतो, आणि विषाचे १० त्या टप्प्यात मोजायचे. वाचता वाचता तिचा आवाज बारीक झाला. तिने अजून एक ओळ शोधली, शेवटचं बक्षिसाचं पान उचललं की सामना तिथेच संपतो. म्हणजे विषाचा टप्पा आलाच नाही. थोरल्याचा प्राणी विषबाधा झालेला होता, मरणारही होता, पण मरायच्या आधी डाव मिटला होता. तिने पानावरचा तळवा उचलला.

मी तिला म्हटलं, तुझा मुद्दा अगदीच चुकीचा नव्हता. त्याच्या हल्ल्यानेच त्याच्या प्राण्यालाही इजा झाली असती, तर दोघे एकाच क्षणी गारद झाले असते आणि बरोबरीचा प्रश्न खरोखर आला असता. दोन गोष्टी एकदम झाल्या की एकापाठोपाठ, हे डोळ्यांनी ठरत नाही, टप्प्यांनी ठरतं. तिने ते लक्ष देऊन ऐकलं. थोरल्याने तोवर शेवटचं पान उचललं होतं, पण जिंकल्याचा आरडाओरडा त्याने केला नाही, हे मला फार बरं वाटलं.

संध्याकाळी पाऊस वाढला, वीज गेली, आणि आजीने ५२ पानांचा जुना जोड काढला. चौघं बसलो, बंद हुकुमाचा मेंढीकोट. एकाने हुकुमाचं पान पालथं ठेवायचं. उतारीचा रंग ज्याच्याकडे नाही त्याने हवं तर हुकूम उघडायला सांगायचा. तिसऱ्याच हाताला धाकटीकडे किल्वर नव्हतं. तिने हुकूम उघडायला सांगितला, इस्पिक निघालं, आणि तिने हळूच चौकटची दुर्री टाकली. हातात इस्पिक असूनही.

"आता मारायला लागतं," थोरला म्हणाला.

"कुठे लिहिलंय?" ती म्हणाली. आणि मग स्वतःच आजीकडे वळली, "आजी, हुकूम मागितला की मारायचाच असतो, की मारला तरी चालतो?"

आजीने पानं खाली ठेवली. तिने सांगितलं की तिच्या माहेरी मारावाच लागायचा, इथे सासरी आल्यावर पाहिलं तर मर्जी होती, आणि तिने स्वतः पहिल्या वर्षी यावरून एक डाव घालवला होता. मग भिंतीवरचं कॅलेंडर काढून जूनचं पान उलटं केलं. त्याच्या पाठीवर एका कोपऱ्यात दुधाचा हिशोब होता. त्याखाली तिने धाकटीकडून मेणबत्तीच्या उजेडात लिहून घेतलं: बंद हुकूम ज्याने उघडायला सांगितला, त्याच्याकडे हुकूम असेल तर त्याच हाताला त्याने मारलाच पाहिजे. उद्यापासून लागू.

"उद्यापासून का?" थोरल्याने विचारलं.

"कारण आजची दुर्री पडून गेली," आजी म्हणाली, आणि पुढचं पान टाकलं.